डावीकडे झुकलेली गाडी

आमच्या घरात एक गोष्ट तीस वर्षे निर्विवाद मानली गेली होती. गाडी डावीकडे झुकते, आणि ती अम्मीमुळे झुकते.

अम्मी अंगाने भरलेली. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी तिची जागा ठरलेली, कारण तिथून रस्त्याच्या कडेला नीट उतरता यायचे. स्टिअरिंगवर अब्बा, त्यांच्या शेजारी आमच्यातला थोरला, मागे मध्ये धाकटा, उजवीकडे आपा. ईदच्या दिवशी गाडी गल्लीतून बाहेर पडायची तेव्हा शेजारचे कुणी ना कुणी हसून म्हणायचेच, "भाभी, थोडं मधे सरका." मामू तर पनवेलहून पत्र लिहितानाही शेवटी विचारायचे, गाडी सरळ झाली का. अम्मीही हसायची. पुढे पुढे मात्र ती म्हणू लागली, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते. आम्हाला वाटायचे, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. गुडघ्यांचा त्रास होताच. २०११ साली ती गेली. गाडी तशीच झुकलेली राहिली आणि आम्ही म्हणत राहिलो, अम्मीची खूण आहे.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८२ सालची. घरात तिला कुणी पद्मिनी म्हटले नाही, ती 'फियाट'च. ते फारसे चुकीचेही नव्हते. इटलीच्या फियाट ११०० गाडीचे हे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारे रूप, आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळाले. अब्बांनी ती १९८७ मध्ये जुनी घेतली. तेव्हा आम्ही चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. २००६ साली पुनावळ्याला घर घेतले. त्या वेळी बाल्कनीतून उसाची शेते दिसत आणि रात्री महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येई. आता ऊस दिसत नाही. ट्रकांचा आवाज आहे.

२०२३ च्या दिवाळीनंतर गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. (२०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली.) त्याच सुमारास मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती आणि टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे थांबली. अब्बांनी ती बातमी दोनदा वाचली. वय ८१. म्हणाले, "आपली काही टॅक्सी नाही. आपली चालणार." मग पासिंगच्या आधी गाडी सरळ करून घ्यावी असे आमच्यातल्या धाकट्याने काढले. अब्बा म्हणाले, "राहू दे. तिची आठवण आहे." धाकटा म्हणाला, "इन्स्पेक्टरला कशाला सांगायची आपली आठवण?"

इथून पुढचे दोन महिने आम्ही मागच्या पाट्यांचा अभ्यास केला असे म्हटले तरी चालेल. आमच्यापैकी कुणी मेकॅनिक नाही. एक शाळेत शिकवतो, एक चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, आपा शिवणकामाचे वर्ग चालवते. पण तिघांनाही मोजता येते, आणि या कामात मोजणे हेच मुख्य असते.

या गाडीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, मागे मात्र ट्रकासारखे पाटे. एकावर एक, खाली खाली आखूड होत जाणारे पोलादी पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने ओवलेले, आणि सगळ्यांची मिळून एक कमान. सगळ्यात वरचा मोठा पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला पक्का असतो. मागचा एका झुलत्या कडीत, तिला शॅकल म्हणतात. ओझे पडले की कमान सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि वाढलेली लांबी मावावी म्हणून ती कडी झुलते. कडी जाम झाली तर बाकीचे कितीही चांगले असो, गाडी बैलगाडीसारखी आपटते. कमानीच्या पोटाला यू-बोल्टांनी ॲक्सल आवळलेला असतो. म्हणजे हे पाटे नुसते ओझे पेलत नाहीत, मागची चाके जागच्या जागी धरूनही ठेवतात. एवढे समजले तेव्हा धाकटा गंभीर झाला. तोवर त्याला हे दिसण्याचे काम वाटत होते.

महामार्गाच्या सर्व्हिस रोडला एक मिस्त्री आहेत. उदगीरकडचे, साठी ओलांडलेले, टेम्पो आणि पिकअपच्या कमानी बांधतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. म्हणाले, "नुसतं बघून सांगायला मी काय बाबा आहे? घरी न्या, सपाट जागेवर उभी करा, मोजून आणा." कसे मोजायचे तेही सांगितले. दोन्ही चाकांत हवा सारखी, डिकी रिकामी, गाडी ढकलून आणून उभी करायची, ब्रेक मारून नाही. मग मागचे बोनेट हाताने दोन-चार वेळा दाबून सोडायचे, म्हणजे पाटे एकमेकांवर घासून जिथे अडकले असतील तिथून सुटतात. आणि मोजायचे ते जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजले की टायरची झीज आणि हवा हिशेबात येते, आणि माणूस पाट्याला दोष देत बसतो.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी आम्ही तिघे जमिनीवर बसून टेप लावत होतो. वॉचमनने दोनदा येऊन पाहिले. डावी बाजू उजवीपेक्षा पुरे तीन सेंटिमीटर खाली निघाली. आमची खात्री पटली: डावी कमान बसली.

चाचांना सांगितले. त्यांनी विचारले, "बरोबर किती पाहिजे?" आम्ही गप्प. डावी उजवीपेक्षा खाली आहे हे मोजले होते. पण उजवी बरोबर आहे हे कुणी सांगितले? तीस वर्षांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने डाव्या बाजूला रबरी ठोकळा बसवून दिला होता, दुसऱ्याने डाव्या बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर बदलला होता. शॉक ॲब्सॉर्बर गाडीचा झोका थांबवतो, तिला उचलून धरत नाही, हे आम्हाला आता कळले. पैसे तेव्हाच गेले होते.

पुण्यात जुन्या गाड्या जपणारी हौशी माणसे आहेत. त्यांच्यातल्या एका सज्जनाकडे कंपनीच्या मूळ पाट्यांवरची पद्मिनी होती. त्यांच्या परवानगीने तीही तशीच मोजली. त्यांची दोन्ही बाजूंची उंची जवळजवळ सारखी भरली, आणि ती आमच्या डाव्या बाजूपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त होती. आमची उजवी बाजू त्यांच्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर होती.

परत येताना गाडीत कुणी फार बोलले नाही. आपा एवढेच म्हणाली, "म्हणजे अम्मीच्या वाट्याला एक सेंटिमीटर. आणि तोही चाळीस वर्षांचा."

मग चाचांनी दोन्ही कमानी उतरवल्या. हे काम घरी करू नये. ॲक्सल आणि सांगाडा दोन्हींखाली वेगवेगळे भक्कम टेकू लागतात, आणि दाबातला पाटा सुटला तर माणसाचा हात जातो. दोन्ही कमानी फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. उजव्या कमानीत एक पाटा जास्त होता. खालून दुसरा, इतरांपेक्षा किंचित रुंद, जाड, टोके आडवी कापलेली. बाकीच्यांची टोके निमुळती होती. चाचांनी त्यावर बोट ठेवले. "ये पाटा इस गाडी का नै है."

मग त्यांनी सगळे पाटे सुटे केले, तारेच्या ब्रशने घासले आणि तडे तपासले. ही रीत आम्हाला फार आवडली. पाट्यावर रॉकेल चोळायचे (रॉकेल आता मिळत नाही म्हणून त्यांनी डिझेल घेतले), थोडा वेळ मुरू द्यायचे, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून त्यावर खडूची भुकटी भुरभुरायची. पाटा धड असेल तर पांढरा राहतो. केसाएवढी जरी चीर असली तरी आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटते. जास्त लक्ष कुठे द्यायचे हेही ठरलेले असते: सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, डोळ्याच्या वळणापाशी, आणि खालच्या पाट्याचे टोक वरच्यावर जिथे टेकते त्या जागी. गंजाचा खोल खड्डा पडला असेल तर तिथेही. पाटा एका दिवशी तुटत नाही. लाखो वेळा वाकतो, आणि पृष्ठभागावर जिथे ओरखडा सापडेल तिथून चीर आत सरकत जाते. म्हणून पाट्याजवळ वेल्डिंग करू देऊ नये. एक ठिणगीसुद्धा पुढे महाग पडते.

डाव्या कमानीचे सगळे पाटे पांढरे राहिले.

उजवीत त्या जादा पाट्याच्या आडव्या टोकाने वरच्या पाट्याला खोबण पाडली होती, आणि त्या खोबणीत बोटभर लांब काळी रेघ आली. चाचांनी दिव्याखाली धरून ती आम्हा तिघांना आळीपाळीने दाखवली. जी बाजू ताठ म्हणून आम्ही चांगली समजत होतो तिच्यात चीर होती. त्याच आठवड्यात धाकटा मुलांना घेऊन ताम्हिणीला जाणार होता. तो खुर्चीवर जाऊन बसला.

आता तो पाटा आला कुठून? गाडी घेतली तेव्हापासून असेल, आधीच्या मालकाचा उद्योग असेल, असे आम्ही ठरवून टाकले. घरी येऊन अब्बांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांनी कपाटातून एक वही काढली. अब्बा सातारकडचे, मराठी शाळेत शिकलेले. दुआ अरबीत, शेरशायरी उर्दूत, पण हिशेब कायम मराठीत. गाडीच्या खर्चाची ही वही त्यांनी १९८७ पासून ठेवली आहे. पान उघडून त्यांनी वही थोरल्याच्या हातात दिली. १९९१ चा जुलै. 'खोपोली. उजवी कमान. मोठा पाटा तुटला. दुसरा घातला, खाली एक जादा. रु. २१०.'

तेव्हा आम्हाला तो दिवस आठवला. पनवेलहून, अम्मीच्या माहेराहून परतत होतो. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. पाऊस, गाडीत आम्ही पाच जण, वर आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि तांदळाचे पोते. घाट चढण्याआधी खोपोलीजवळ खाडकन आवाज झाला. ट्रकांच्या एका गॅरेजात चार तास गेले. अम्मी आम्हाला घेऊन बाकड्यावर बसली होती, तिने डब्यातला पुलाव गॅरेजच्या पोरांनाही वाढला. त्या मिस्त्रीने ट्रकवाल्याच्या मनाने विचार केला असणार: एक पाटा तुटला, एक जास्त घालू, पुन्हा भानगड नको. त्याच्या दृष्टीने ती मेहेरबानीच होती. पण एकाच बाजूला. उजवी बाजू उचलली गेली, आणि चिंचवडच्या गल्लीत गाडी डावीकडे झुकलेली दिसू लागली. अम्मीवरचे विनोद त्यानंतर सुरू झाले. आम्ही तारखा जुळवून पाहिल्या. त्याआधीचा एकही विनोद कुणालाच आठवेना.

"मला माहीत होतं," अब्बा म्हणाले. मग थोडे थांबून, "म्हणजे लिहिलेलं होतं. मनात आलं नाही."

त्या तुटलेल्या पाट्याचे पुढे काय झाले हे आपाच्या लक्षात होते. अब्बांनी त्याचा एक तुकडा आणून लोहाराकडून सुरी करून घेतली होती. कुर्बानीची सुरी पाट्याचीच चांगली, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पोलाद चिवट, पाणी नीट दिले तर धार टिकते. ती सुरी अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. विनोद झाला की अम्मी कधी कधी म्हणायची, "मोडली ती तुमच्या अब्बांची बाजू. सुरी माझ्या हातात आहे." आम्हाला तो नुसता हजरजबाबीपणा वाटायचा. ती खरोखरच काय घडले ते सांगत होती. तिला सगळे आठवत होते, आणि आमच्यापैकी एकानेही कधी गाडीखाली वाकून पाहिले नाही.

(पुनावळ्यात एक कोयते वस्ती आहे. आडनावावरून पडलेले नाव. पण पाहुण्यांना पत्ता सांगताना अलीकडे हसू येते. कोयत्यांच्या बातम्या वाढल्यापासून आमचा ओळखीचा लोहार पाट्याचे हत्यार अनोळखी माणसाला करून देत नाही. ईदच्या सुरीलाही ओळख विचारतो. बरोबरच करतो.)

निवडीचा प्रश्न त्यानंतर आला. नुसता जादा पाटा काढून टाकला असता तर? चीर पडलेला पाटा तसाच राहिला असता. तेवढा एकच बदलला असता तर नवा पाटा जुन्यांच्या संगतीत जास्त ओझे घेतो. आणि चाचांचा नियम: एका ॲक्सलच्या कमानी जोडीने बदलायच्या. नाहीतर आज सरळ झालेली गाडी उद्या दुसरीकडे झुकेल, आणि मग कुणाच्या नावावर घालणार?

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो कमान चढवून घेण्याचा. पाटा गॅसने लाल करायचा, हातोड्याने वाक वाढवायचा, झाले. दोन-तीनशे रुपयांत काम. चाचांनी हात जोडले. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे असते. ते साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत सारखे तापवून तेलात विझवावे लागते, आणि पुन्हा चारशे-पाचशे अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतो तेच, फक्त मोजून केलेले. गॅसच्या ज्योतीने मधेच लाल करून हवेत ठेवलेला पाटा पहिल्या दिवशी छान उंच दिसतो. महिन्याभरात पुन्हा बसतो. किंवा तापलेल्या आणि न तापलेल्या भागाच्या सीमेवर तुटतो. "मी करून देईन," चाचा म्हणाले, "पण मग त्या गाडीत तुमच्या बच्च्यांना बसवू नका." असे म्हटल्यावर कोण करून घेणार?

दुसरा मार्ग भंगाराचा. मुंबईच्या टॅक्सी मोडीत निघाल्या तेव्हा त्यांचे पाटे बाजारात होतेच. आम्ही कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, इकडे चिखलीच्या कुदळवाडीतही हिंडलो. (कुदळवाडीतली ती भंगाराची गोदामे २०२५ च्या फेब्रुवारीतल्या अतिक्रमणविरोधी कारवाईत पाडली गेली. ज्या बोळातून आम्ही टेप घेऊन फिरलो तो बोळ आता सापडणार नाही.) टॅक्सीची कमान घेताना एक ध्यानात ठेवावे. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची जड टाकी असायची, तिचे ओझे कायम मागच्या पाट्यांवर. अशी कमान एक तर थकलेली निघते, नाहीतर आमच्यासारखा जादा पाटा घातलेली. म्हणून आधी पाटे मोजायचे, मग किंमत विचारायची.

तिसरा मार्ग नव्या जोडीचा. एका दुकानात ती मिळाली. काळी चकचकीत, चिकटपट्टीत गुंडाळलेली. दुकानाचे नाव लिहीत नाही. घरी आणून धाकट्याने कारखान्यातून आणलेले मायक्रोमीटर लावले. प्रत्येक पाटा आमच्या पाट्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जाड. दुकानदार म्हणाला, "जाड म्हणजे मजबूत, साहेब, फायदाच झाला." माप कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक पुरी सूरा आहे, इथे माप जास्त मिळाले होते आणि तरीही सौदा खोटाच होता. कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात घेतले तर ताठपणा एक-षष्ठांशाने नाही, दीडपटीहून अधिक वाढतो. गाडी रिकामी असताना तिची मागची बाजू खड्ड्यात उड्या मारणार, आणि तो सगळा मार सांगाड्याच्या गंजलेल्या जोडांना बसणार. शिवाय सेंटर बोल्ट. आमच्या कमानीत तो बरोबर मधे नाही. पुढचा भाग आखूड, मागचा लांब. दुकानातल्या जोडीत तो मधोमध होता. बसवली असती तर मागचे दोन्ही चाक जागचे सरकले असते. एवढ्यावर आम्ही परत गेलो असतो. पण चाचांनी डिझेल आणि खडू काढला. रंग खरवडल्यावर एका पाट्यावर जुन्या गंजाचे खड्डे दिसले, भुकटीवर दोन रेघा आल्या. ती नवी नव्हतीच. दुकानदाराने पैसे परत दिले, वाद घालून का होईना.

शेवटी करून घेतल्या. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाला पाणी देणारे कारखाने आहेत. चाचांच्या ओळखीने एकाने आमचे छोटे काम घेतले. नमुना म्हणून आम्ही डावी कमान दिली. पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी, डोळ्यांचा आतला व्यास, सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांची अंतरे, सगळे तिच्यावरून. फक्त तिचा तो एक सेंटिमीटरचा थकवा भरून काढायला कमान थोडी जास्त वाकवली. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला ठेवतात. सुटे असताना दोघांमध्ये फट दिसते आणि सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते. अशा रीतीने पाटे एकमेकांना धरून राहतात. आमच्या जुन्या उजव्या कमानीत त्या परक्या पाट्याची फट मिटतच नव्हती, तो फक्त टोकांवर उभा होता. तयार कमानी प्रेसखाली चार-पाच वेळा सपाट होईपर्यंत दाबून सोडल्या, म्हणजे जेवढे बसायचे तेवढे तिथेच बसून घ्यावे. खर्च दुकानातल्या जोडीच्या अडीचपट आला. आपाने अम्मीच्या बांगड्यांच्या मोडीतले ठेवलेले पैसे पुढे केले. ते घ्यावेत की नाही यावर आमचे भांडण झाले. घेतले.

बसवताना चाचांनी यू-बोल्ट नवे घेतले. एकदा ताणले गेलेले पुन्हा वापरत नाहीत. आणि डोळ्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. गाडी उतरली. टेप लावली. रिकाम्या गाडीत दोन्ही बाजूंमध्ये चार मिलिमीटरचा फरक.

"आता भरून बघू," चाचा म्हणाले. "कोणीतरी मागे डावीकडे बसा." धाकटा पुढे झाला, तोवर अब्बांनी दार उघडले होते. काठी बाहेर टेकवून ठेवली आणि अम्मीच्या जागेवर जाऊन बसले. चाचांनी मोजले, आकडा सांगितला, थोरल्याने तो वहीत लिहिला. मग उजवीकडे आपा बसली, तो लिहिला. मोजून झाल्यावरही अब्बा बराच वेळ उतरले नाहीत. चाचांनी पोराला चहा आणायला पाठवले आणि त्यांचा कप गाडीतच दिला.

पासिंग झाले. इन्स्पेक्टरने पाट्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. हेडलाइटबद्दल दोन प्रश्न विचारले.

फेब्रुवारीत आम्ही अब्बांना घेऊन पनवेलला गेलो, जुन्या घाटाने. खोपोलीला चहाला थांबलो. ते गॅरेज कुठे होते यावर आमचे एकमत झाले नाही. पनवेलला मामू आता नाहीत, खाला आहे. ती दारात येऊन गाडीकडे पाहत राहिली. म्हणाली, "सीधी हो गई?"

अब्बा म्हणाले, "तिची बाजू सीधीच होती."

खालाला काही कळले नाही. आपा तिला आत घेऊन गेली आणि दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या.

मार्चमध्ये पाचशे किलोमीटर भरले. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट तेवढ्या अंतरानंतर एकदा पुन्हा आवळावे लागतात. चाचांकडे गेलो. दोन्ही बाजूंना जवळजवळ पाव-पाव फेरा बसला.